जायफळाची बेटे : एका मक्तेदारीची कहाणी



पुरणात किंवा श्रीखंडात किसून घातलेल्या चिमूटभर जायफळाचा दरवळ महाराष्ट्रातील घराघरांस परिचित आहे. परंतु याच फळापायी एक समाज जवळजवळ नामशेष झाला, हे फारसे कोणास ठाऊक नसते.

इंडोनेशियाच्या पूर्व भागात, सेराम बेटाच्या दक्षिणेस, बांदा नावाचा लहान बेटांचा समूह आहे. ज्वालामुखीच्या राखेने कसदार झालेली माती, भरपूर पाऊस आणि उंच वृक्षांची सावली यांमुळे तेथे जायफळ फोफावले. फळ उकलताच दिसणारी तांबडी जाळी म्हणजे जायपत्री आणि तिच्या आतील बी म्हणजे जायफळ. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जगाला हे फळ जवळजवळ सर्वस्वी याच बेटांवरून मिळे.

या सागराशी हिंदुस्थानचे नाते जुने आहे. कालिदासाच्या ‘रघुवंशा’च्या सहाव्या सर्गात द्वीपांतराहून आलेल्या लवंगफुलांचा उल्लेख येतो. गुजरात आणि कोरोमंडल किनाऱ्यावरील कापड पूर्वेकडे जाई, तिकडून मसाले येत. या व्यापारासाठी बांदाची भूमी बळकावण्याची गरज कोणास भासली नव्हती.

1511 मध्ये पोर्तुगीजांनी मलाक्का जिंकले आणि पुढील वर्षी त्यांची जहाजे बांदाला पोहोचली. त्यांच्यामागून डच आले. 1602 मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीला सर्व जायफळ आपल्यालाच हवे होते. बांदाला एकछत्री राजा नव्हता. गावोगावचे धनिक प्रमुख कारभार पाहत. त्यांतील काहींनी करार केले. परंतु बेटांवर भात पिकत नव्हता. तांदूळ आणि कापड आणणाऱ्या आशियाई व्यापाऱ्यांना जायफळ न विकता जगणे अशक्य होते. करार मोडले गेले आणि कंपनीला निमित्त मिळाले.

1621 मध्ये यान पीटरझोन कून या गव्हर्नर जनरलने बेटांवर स्वारी केली. 44 प्रमुखांना जपानी भाडोत्री सैनिकांकरवी ठार करण्यात आले. सुमारे 15,000 लोकवस्तीपैकी बेटांवर हजारभरच उरले, असा अंदाज आहे. उरलेले मारले गेले, उपासमारीने मेले, पळाले किंवा गुलाम झाले. बागा डच मळेवाल्यांना वाटण्यात आल्या आणि राबण्यासाठी परमुलखातून गुलाम आणले गेले. बी अन्यत्र रुजू नये म्हणून जायफळे चुन्यात बुडवून पाठविली जात. 1667 च्या ब्रेडा तहात इंग्रजांनी बांदातील चिमुकल्या रून बेटावरील हक्क सोडला. डचांनी मॅनहॅटनवरील सोडला.

तरीही मक्ता टिकला नाही. 1770 च्या सुमारास फ्रेंचांनी रोपे चोरून मॉरिशसला नेली. पुढे इंग्रजांनी ती अन्यत्र लावली. 1799 मध्ये ती बलाढ्य कंपनीच बुडाली. आज कोकणातील नारळी-पोफळीच्या बागांतही जायफळ पिकते.

1936 मध्ये डच सरकारने मोहम्मद हट्टा आणि सुतान शाहरीर या स्वातंत्र्यसैनिकांना बांदावर हद्दपार केले. पुढे हट्टा स्वतंत्र इंडोनेशियाचे पहिले उपराष्ट्राध्यक्ष झाले आणि रोझेंगाइन या बेटाला त्यांचे नाव मिळाले.

संपत्ती निसर्ग देतो. तिचे रक्षण समाजाला करावे लागते. गावागावांत विभागलेल्या बांदाजवळ अमोल फळ होते, संघटित शक्ती नव्हती. परक्या व्यापाऱ्याशी सौदा जरूर करावा. परंतु आपली शिदोरी आणि आपले दार त्याच्या हाती देऊ नये. जायफळ किसताना या बेटांचे एवढे स्मरण पुरेसे आहे.