कागदावरचे आपले नाव
(यवतमाळ जिल्ह्यातील नवदीक्षित कुटुंबांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला लेखनाविषयी बोलावयाचे आहे. लेखन म्हटले की कथा, कविता, आत्मचरित्र डोळ्यांपुढे येते. मी मात्र अर्जापासून आरंभ करणार आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी पहिली लेखणी उचलली गेली ती अर्जावर सही करण्यासाठीच, आणि घराचे बरेवाईट अजूनही अर्जावरच ठरते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात परमपूज्य बाबासाहेबांनी आपणास धम्म दिला. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्धांची संख्या अवघी २,४८७ होती. १९६१ मध्ये ती २७,८९,५०१ झाली. ही वाढ कोणा सरकारने केलेली नाही. घरोघर आलेल्या प्रगणकाला आपल्या आजीआजोबांनी धर्म विचारताच "बौद्ध" असे सांगितले आणि तसे लिहून घ्यावयास लावले. त्या एका शब्दाची किंमतही त्यांनी मोजली. राज्याने आपल्यापुरत्या सवलती चालू ठेवल्या, तरी १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात बौद्धांना स्थान नव्हते. ते मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले. तोपर्यंत केंद्र सरकारच्या नोकरीत स्वाभिमानाने "बौद्ध" लिहिणाऱ्याची राखीव जागा जात होती. कित्येकांनी तरीही तेच लिहिले. हे मी आज दीक्षा घेतलेल्या कुटुंबांना मुद्दाम सांगतो.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. जातीचा दाखला काढावयाचा तर १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. त्या दिवशी यवतमाळ जिल्हा मुंबई राज्यात नव्हता, मध्य प्रदेशात होता. म्हणून आपला पुरावा शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात नाहीतर कोतवाल बुकात शोधावा लागतो. कोतवाल बुक म्हणजे गावच्या जन्ममृत्यूंची नोंद. ते ठाण्यावर नेणारा कोतवाल पुष्कळ गावी आपल्यापैकीच असे. पिढ्यान्‌पिढ्या आपली नोंद आपणच वाहिली आणि तीत काय लिहिले आहे ते आपणास वाचता आले नाही! त्या नोंदीत बहुधा आडनाव नसते. "अमका वल्द तमका" एवढेच असते.

पूर्वी ही नोंद कारकून वाचीत असे. कारकुनाचा पूर्वग्रह आपण भोगला आहे. त्याच्या काळाची मला मुळीच हळहळ नाही. आता शिष्यवृत्तीचा अर्ज 'महाडीबीटी'वर, दाखल्याचा 'आपले सरकार'वर भरावा लागतो, आणि त्याची छाननी पुष्कळ अंशी संगणकातील नियमावली करते. तिला इंग्रजीत अल्गोरिदम म्हणतात. नाव जुळले तर पुढे, न जुळले तर मागे, अशा पायऱ्या कोणा माणसानेच आगाऊ लिहून ठेवलेल्या असतात. यंत्राला आपली जात विटाळत नाही हे खरे. पण आधारवर एक अक्षरजुळणी, बँकेत दुसरी आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरी असली, तर त्याच्या लेखी ती तीन माणसे ठरतात. "वल्द" म्हणजे काय, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

हा अनुभव केवळ आपला नव्हे. २०१७ साली कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन मागविले गेले. बँकांच्या याद्या आणि शेतकऱ्यांचे अर्ज संगणकाने ताडावयाचे होते. ते नीट जुळेनात आणि लोक ताटकळत राहिले. कापसाच्या या मुलखात त्या विलंबाचा अर्थ काय होता, तो आपणास ठाऊक आहे.

आता सर्वांत नाजूक प्रश्न. एका तरुणाने मला विचारले, "आम्ही जात सोडली, मग जातीच्या रकान्यात ती पुन्हा का लिहावी?" त्याचा संताप रास्त आहे. "बौद्ध" हे अनुसूचीतील जातीचे नाव नाही, आणि यंत्र अनुसूचीबाहेरचे नाव स्वीकारत नाही. माझे मत असे की, धर्माच्या रकान्यात निःशंकपणे "बौद्ध" लिहावे आणि जातीच्या रकान्यात जुने नाव लिहावे. जखम भरली म्हणून ती कोणी केली याची साक्ष देण्याचे कोर्टात कोणी टाळीत नाही. १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक असलेल्या जनगणनेत माहिती यंत्रावर भरावयाची आहे आणि प्रत्येकाची जातही विचारावयाची आहे. तेव्हा हा विचार घराघरांत आधीच झाला पाहिजे.

नावाची ही चाळणी यंत्राने शोधून काढलेली नाही. नागपूरच्या कुमुद पावडे यांचे उदाहरण घ्या. संस्कृतात एम.ए. होऊनही कुमुद सोमकुवर या नावाला नोकरी मिळेना. आंतरजातीय विवाहानंतर त्याच विदुषीचे आडनाव पावडे झाले आणि मग नेमणूक झाली. विद्या तीच, वाणी तीच. बदलले ते केवळ आडनाव. हे त्यांनी 'अंतःस्फोट' या १९८१ च्या पुस्तकात लिहून ठेवले, म्हणून आज आपण त्याचा दाखला देऊ शकतो. फलटणच्या बेबीताई कांबळे दुकानात बसून लिहीत आणि वह्या घरच्यांपासून लपवून ठेवीत. 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने १९८६ साली आले. लेखक म्हणून मान्यता पुढे लाभली. लिहिण्यासाठी त्या तिची वाट पाहत बसल्या नाहीत.

मला स्वतःला लेखनाचा मान फारसा मिळालेला नाही, आणि त्याची खंत नाही, असे म्हटले तर ते सर्वस्वी खरे होणार नाही. पण एखाद्या मुलीचा नामंजूर झालेला अर्ज आपण लिहून दिलेल्या अपिलाने मंजूर होतो, तेव्हा त्या वाचकाइतका चोखंदळ वाचक दुसरा कोण मिळणार?

म्हणून अपील लिहावयास शिका. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवेच्या अर्जाची पोच मिळाली पाहिजे, मुदत पाळली गेली पाहिजे, आणि नकार द्यावयाचा तर कारणे लेखी दिली पाहिजेत. त्यावर तीस दिवसांत पहिले अपील करता येते. "सिस्टिम घेत नाही" हे सेवा केंद्रावर ऐकू येणारे वाक्य कारण नव्हे. तेच लिहून मागा. पुष्कळदा ते लिहून द्यावयास कोणी धजत नाही. नियम कोणता आणि तो कोणी घातला, हे माहितीच्या अधिकारात, म्हणजे २००५ च्या कायद्यान्वये, विचारता येते.

पुढच्या रविवारी वंदनेनंतर आपले कागद विहारात घेऊन या. आधार, शाळेचा दाखला, बँकेचे पुस्तक आणि असल्यास कोतवाल बुकाची नक्कल एवढे पुरे. ज्या मुलामुलींना चांगले अक्षर आहे, त्यांनी वही व पेन घेऊन तासभर आधी यावे.