चिनी बंदरांतले पूर्वज आणि इंदापूरचे दप्तर
(बारामती-इंदापूर येथील कुलवृत्तांत परिषदेतील स्वागताध्यक्षीय भाषण)

एकोणिसाव्या शतकात चीनच्या बंदरांत राहिलेल्या, तिथे कमावलेल्या आणि काही वेळा तिथेच मातीआड झालेल्या पूर्वजांचा शोध हा या परिषदेचा विषय आहे. अशा पूर्वजाचे नाव परदेशात मिळते, त्याचे घर मात्र मायदेशीच्या दप्तरात शोधावे लागते. त्या दप्तराचा पाया इंदापूर तालुक्यात घातला गेला, एवढ्याच अधिकारावर बारामती आणि इंदापूरची स्वागत समिती अध्यक्ष, अभ्यासक आणि प्रतिनिधी यांचे मनःपूर्वक स्वागत करीत आहे.

मुंबईहून चीनला जाण्याचा पायंडा पारशी व्यापाऱ्यांनी पाडला. रेडीमनी घराण्यातले हिरजी जीवणजी १७५६ मध्ये चीनला गेले. पुढे कापूस आणि माळव्याची अफू तिकडे जाऊ लागली, तसे कँटनच्या परदेशी व्यापाऱ्यांत इंग्रजांखालोखाल पारशीच दिसू लागले. १८४२ चा नानकिंगचा तह ‘कॉर्नवॉलिस’ या युद्धनौकेवर झाला. ती १८१३ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली होती. तहाने कँटन, अमॉय, फूचौ, निंगपो आणि शांघाय ही पाच बंदरे खुली झाली, हाँगकाँग इंग्रजांकडे गेले. हाँगकाँगची प्रसिद्ध ‘स्टार फेरी’ दोराबजी नवरोजी यांच्या नौकासेवेतून वाढली आणि तिथले विद्यापीठ होरमसजी मोदी यांच्या देणगीतून उभे राहिले.

व्यापाऱ्यांमागोमाग पलटणी गेल्या. मुंबई फौजेची पाचवी देशी पायदळ पलटण १८६२ मध्ये शांघायच्या आसपास ताइपिंग बंडखोरांशी लढली. हीच पुढे १०५वी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली आणि आज मराठा रेजिमेंटची दुसरी बटालियन, म्हणजेच ‘काळी पांचवी’, म्हणून ओळखली जाते.

शोधाची साधने तीन ठिकाणी आहेत. पहिले स्मशानभूमीचे. मकावची पारशी दफनभूमी १८२९ ची, हाँगकाँगची १८५२ ची. पारशी लेखांत यज्दगर्दी सन आला, तर त्यात ६३० मिळवावे. इसवी सन ढोबळमानाने हाती येतो. दुसरे छापील याद्यांचे. कँटनहून निघणाऱ्या ‘चायनीज रिपॉझिटरी’ने परदेशी रहिवाशांच्या याद्या छापल्या, तर १८६३ पासून हाँगकाँगहून वार्षिक डिरेक्टरी निघू लागली. हाँगकाँगच्या सरकारी अभिलेखागारात रेव्हरंड कार्ल स्मिथ यांनी जमवलेली लाखाहून अधिक टिपणकार्डे आहेत. तिसरे सरकारी कागदांचे: मुंबईचे राज्य पुराभिलेखागार आणि लंडनमधले इंडिया ऑफिसचे दप्तर. या कागदांत आडनाव इंग्रज कारकुनाच्या कानाने लिहिलेले असते. त्यामुळे एकच पवार कुठे ‘पोवार’, कुठे ‘पोआर’ होतो, आणि खात्री पटवायला गावच गाठावे लागते.

गाव गाठले की इंदापूरचे नाव घ्यावेच लागते. इंग्रज अधिकारी प्रिंगल यांनी ठरवलेला सारा इतका जड होता, की या तालुक्यातली जमीन पड पडली आणि कुळे परागंदा झाली. तेव्हा १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी इथे नव्याने पाहणी केली. शेताच्या कोपऱ्यांवर हद्दीचे दगड रोवले, मातीची खोली आणि रंग पाहून प्रत वर्गवार लावली, शेताला नंबर दिला, नंबरापुढे खातेदाराचे नाव लिहिले आणि सारा तीस वर्षांसाठी बांधून दिला. हीच पद्धत पुढे मुंबई इलाखाभर गेली. आज राज्यात कोणी सातबारा काढतो, फेरफारात वारसनोंद तपासतो आणि आजा-पणज्याची नावे ओळीने वाचतो, त्यामागे इंदापूरच्या माळरानातली ती पाहणी आहे. जगातल्या किती बंदरांना असे म्हणता येईल?

तीस वर्षे सरताच झालेल्या साऱ्याच्या वाढीनेही याच परिसराला पोळले. आज बारामती तालुक्यात असलेल्या सुपे येथे १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, सावकारांविरुद्धचा उठाव सुरू झाला. शेतकऱ्यांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. जळालेल्या रोख्यांबरोबर किती नावे गेली, याची हळहळ वंशावळी जुळवणाऱ्यालाच कळेल. मात्र १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्यांच्या दस्तांची गावपातळीवर नोंदणी आली आणि नवा कागद तयार झाला.

बारामतीचा चीनशी संबंध ओढूनताणूनच जोडावा लागेल, तरी बारामतीविषयी न बोलता पुढे जाणे शक्य नाही. बाबूजी नाईक बारामतीकर पेशवाईतले मातब्बर सावकार. बाळाजी विश्वनाथांची कन्या भिऊबाई याच घरात दिलेली. कऱ्हेकाठच्या नाईकांच्या आश्रयाला पन्हाळ्यात जन्मलेले मोरोपंत आले आणि १७९४ पर्यंत इथेच पुराण सांगत, आर्या रचत राहिले. त्यांची ‘केकावली’ याच गावची. इंदापूरला मालोजीराजे भोसले लढाईत पडले. आणि चीनच्या व्यापारात गबर झालेले सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून पुण्यात मुळा-मुठेवर जो बंधारा झाला, तो ओलांडून वाहणारे पाणी भीमेतून उजनीच्या जलाशयात, म्हणजे इंदापूरच्या वेशीवर येते. चीनचा पैसा या तालुक्याला असा लागला!

व्यवस्थेतल्या उणिवांची समितीला पूर्ण जाणीव आहे. दोन गावांत पन्नासेक किलोमीटरचे अंतर असल्याने निवास एकीकडे आणि काही बैठका दुसरीकडे ठेवाव्या लागल्या; गाड्यांना उशीर होईल. खोल्या पुरल्या नाहीत म्हणून काही प्रतिनिधींची सोय शाळेच्या वर्गांत गाद्या घालून केली आहे. आंघोळीचे गरम पाणी सकाळी सातनंतर मिळेलच असे नाही. वीज गेल्यास जनित्र आहे, पण ते ध्वनिक्षेपक आणि पंखे दोन्ही एकदम पेलत नाही. जेवण तिखट वाटल्यास वाढप्यांना सांगावे, दही राखून ठेवले आहे.

मंडप देणारे, गूळ, साखर, ज्वारी आणि दूध पाठवणारे शेतकरी, भांडी फुकट देणारे आचारी, गाड्या देणारे व्यापारी, सभागृह मोकळे करून देणारे शाळाचालक, पाहुण्यांना घरी उतरवून घेणारी कुटुंबे, पहाटेपासून स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या महिला मंडळाच्या भगिनी आणि बिल्ले लावून धावणारे विद्यार्थी, या सर्वांचे ऋण समितीवर आहे. नाव छापू नये या अटीवर मोठी रक्कम देणाऱ्यांची अट समितीने पाळली आहे. ज्यांची देणगी लहान होती, त्यांचीही नावे फलकावर आहेत. एखादे राहून गेले असेल, तर कार्यालयात कळवावे, ते आजच लिहिले जाईल. परिषदेचे कामकाज सुरू करावे, अशी स्वागत समितीची अध्यक्षांना विनंती आहे.