नोटिशीची भाषा आणि नागरिकाचा हक्क
(सुरत येथील भाषणाचा मजकूर)



खानदेशातून आलेल्या हातांनी सुरतेचे माग चालविले, लिंबायत-उधन्याच्या वस्त्या उभ्या केल्या. त्या वस्त्यांतून रस्ता कोठून जाणार, कोणाची किती जमीन कापली जाणार, हे गुजरातच्या १९७६ च्या नगररचना कायद्यान्वये ठरते. योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाल्यापासून एक महिन्याच्या आत लेखी हरकत आली, तर तिचा विचार करणे प्राधिकरणावर बंधनकारक आहे. महिना उलटला की ते बंधन सुटले!

परंतु ज्याला नोटीस वाचताच येत नाही, त्याचा महिना सुरू तरी केव्हा होतो? कायद्याच्या लेखी त्याला कळविले गेले. प्रत्यक्षात त्याला कळते ते मोजणीदार दारात उभा राहिल्यावर.

गुजरातीशी आपले वैर नाही. ती राज्याची भाषा आहे. मुलांनी ती शिकलीच पाहिजे. पण जेथे भाषिक अल्पसंख्य १५ ते २० टक्के असतील, तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही निघाव्यात, असे केंद्र सरकारच्या १९५६ च्या निवेदनानेच म्हटले आहे. बेळगावचे मराठीजन याच आधारावर मराठी कागदपत्रे मागत आले आहेत. ज्या वस्तीत हे प्रमाण भरेल, तेथे तुम्हीही मागा.

आणि ती मागणी मान्य होईपर्यंत स्वस्थ बसू नका. गल्लीतील एका जाणत्याने वृत्तपत्रातील नोटीस चार लोकांत मराठीतून वाचून दाखवावी. हरकत मराठीतच लिहावी. राज्यात वापरात असलेल्या भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार संविधानाच्या ३५० व्या अनुच्छेदाने दिला आहे. तो महिना आपला आहे. तो न वाचता जाऊ देऊ नका.