टकाचोर : एका बदनाम पाखराची कैफियत



आज ज्याची ओळख करून द्यायची, त्या पाखराचे नावच आरोपपत्र आहे. टका म्हणजे नाणे. ते चोरणारा तो टकाचोर! फिर्यादीचा निवाडा करण्यापूर्वी आरोपीला नीट पाहून घेऊ.

देह साळुंकीहून थोडा मोठा. पण शेपटी इतकी लांब, की चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत तो ४६ ते ५० सेंटिमीटर भरतो. डोके, मान व छाती काजळी, अंग विटकरी, पंखावर राखी-पांढरा पट्टा, करड्या शेपटीचे टोक काळे. नर-मादी दिसायला सारखेच. कुळ कावळ्याचे, म्हणून आवाज घोगरा. पण मनात आले की तोच अशी गोड साद घालतो, की ऐकणाऱ्याने कोकिळा शोधत बसावे.

विरळ रान, आमराया, बागा ही त्याची वस्ती. माणसाचे त्याला वावडे नाही. तो जोडीने किंवा कुटुंबाने हिंडतो. कधी कोतवाल आणि सातभाई यांच्या मेळ्यातही शिरतो. एप्रिल ते जून या काळात झाडावर उथळ घरटे बांधून मादी बहुधा ३ ते ५ अंडी घालते.

आता चोरीचे. इतर पाखरांची अंडी व पिल्ले तो पळवतो, हे खरे. उरलेला घास लपवून ठेवतो, हेही खरे. पण नाणी? युरोपातल्या मॅगपाय या त्याच्या भाऊबंदावर हाच आळ आहे. १८१७ साली रोसिनीने त्यावर एक संगीतिकाच रचली. चांदीच्या वस्तू मॅगपाय पळवतो आणि शिक्षा मोलकरणीला होऊ घातलेली असते! पुढे २०१४ साली एक्सेटर विद्यापीठातील संशोधकांनी दाण्यांजवळ चकचकीत वस्तू मांडून पाहिल्या. ६४ चाचण्यांत मॅगपायने त्या दोनदाच उचलल्या, आणि लगेच टाकून दिल्या. उलट त्या वस्तू जवळ असताना तो बिचकला!

आमचा टकाचोर फळे, सावरीच्या फुलांतला मध आणि किडे यांवर जगतो. नारळाच्या झाडांचा नाश करणाऱ्या सोंड्या भुंग्याच्या अळ्या तो खातो. त्याला चोर म्हणण्याआधी हा जमाखर्च पाहायला हवा.

कागलच्या घाटगे घराण्यातून कोल्हापूरच्या गादीवर आलेल्या शाहू महाराजांनी १९१८ साली, गुन्हेगार ठरवलेल्या जातींवरील सक्तीची हजेरी बंद केली. माणसांवरच्या त्या अन्यायापुढे पाखराची गोष्ट क्षुल्लकच. पण आधी नाव ठेवायचे आणि मग चौकशीही करायची नाही, ही खोड आपण पाखरांपुरतीही सोडलेली बरी.

आणि चौकशीला तो जागेवर राहायला हवा! कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत कारखाने उभे राहिले, हातांना काम मिळाले, ते हवेच. परंतु हा पक्षी आपले अन्न जवळजवळ सारे झाडांवरच मिळवतो. पत्र्याच्या छपरावर त्याचा संसार चालत नाही. कुंपणाकडेचा जुना आंबा, बांधावरची सावर, ओढ्याकाठची करंजाची रांग राखली, तर कामगाराला सावली मिळेल आणि टकाचोराला घर. झाड तोडले, तर मात्र चोरी कोणी केली, हे विचारायला पाखराकडे जाण्याची गरज नाही.