कातडीचे डॉक्टर

आमच्या तरुणपणी बारामतीत एक दवाखाना होता. पाटीवर लिहिलेलं, 'त्वचारोग, गुप्तरोग व कुष्ठरोग तज्ज्ञ'. या तिन्हींचं शिक्षण एकाच पदवीत होतं, त्यामुळं पाटी बरोबरच होती. पण मधला शब्द वाचून माणसं जिना चढायच्या आधी मागंपुढं बघायची. आम्ही वडगाव निंबाळकरची मंडळी तर समोरच्या टपरीवर चहा घेत बसायचो आणि रस्त्यात ओळखीचं कुणी नाही अशी खात्री झाली की झटकन आत शिरायचो.

१९९२ साली मी थोरल्या बहिणीला घेऊन तो जिना चढलो. आपाच्या ओठाच्या कडेला, कपाळावर आणि बोटांच्या टोकांना पांढरे डाग आले होते. ठरत आलेली सोयरीक मोडली होती. लग्नघरात तिला वाढायला बोलावेनात. आम्ही घरात 'सफेद दाग' म्हणायचो, गाव 'कोड फुटलं' म्हणायचं. मासे खाऊन वर दूध प्याल्याचा हा परिणाम, असं दादीचं ठाम मत. आपाला माशाचा वाससुद्धा सहन होत नसे, हे कुणी ध्यानात घेतलं नाही. कुणीतरी बावचीचं तेल दिलं. ते लावून ती उन्हात बसली आणि टरारून फोड आले.

डॉक्टरांनी आधी तिचा हात हातात घेतला. मग डोळे मिटायला सांगून कापसाची वात डागावर टेकवली.

"लागतंय?"

"लागतंय."

"मग हा कुष्ठरोग नाही. त्याचा चट्टा बधिर असतो."

शरीराचीच राखण करणारी यंत्रणा चुकून रंग तयार करणाऱ्या पेशींवर उलटते, शिवल्यानं हे पसरत नाही, हे त्यांनी सावकाश समजावलं. आपा त्यांच्याकडं नव्हे, आपल्या हाताकडं बघत होती.

शब्दांशी माझा रोजचा संबंध म्हणून सांगतो. कोड हा शब्द 'कुष्ठ'मधूनच आलेला. हिंदीत 'कोढ़' म्हणजे महारोग, मराठीत कोड म्हणजे पांढरे डाग. दोन वेगळे आजार, पण नावाचं नातं तुटलं नाही आणि एकाची भीती दुसऱ्याला चिकटली. कोडकौतुकातलं कोड वेगळं, ते आपाच्या वाट्याला फारसं आलं नाही. खुद्द महारोगाचा धाकही एवढा उरायला नको होता. १९८३पासून आपल्याकडं त्यावर एकत्र औषधं देण्याची मोहीम सुरू झाली, औषध फुकट मिळतं, आणि २००५च्या अखेरीस देशातलं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं. नवे रुग्ण आजही सापडतात, बरेही होतात.

बावची तशी खोटी नव्हती. त्या बियांतला गुण आणि ऊन यांचा मेळ वैद्यांना ठाऊक होता. अरब हकीमही असंच दुसऱ्या एका झाडाचं बी वापरत. त्या झाडातून कैरोच्या डॉ. अल मोफ्ती यांनी १९४०च्या दशकात कोडावरचं औषध पुढं आणलं. आमचं चुकलं ते माप. डॉक्टरांनी गोळी दिली. ती घेतल्यावर दोन तासांनी, मोजून मिनिटं, काळा चष्मा घालून उन्हात बसायचं. गच्चीवर गॉगल लावून बसलेली आपा बघून गल्लीतली पोरं शिट्ट्या मारायची. काही महिन्यांनी कपाळावरच्या डागात मोहरीएवढे तपकिरी ठिपके उठले. रंग परत येतो तो केसांच्या मुळाशी उरलेल्या पेशींतून. बोटांच्या टोकांना आणि ओठांना केस नाहीत, तिथले डाग हटले नाहीत.

मी तेव्हा बी.ए.ला होतो, नुकता कविता करू लागलेला. आपाच्या डागांवर एक लिहिली, त्यात डागांना चांदणं म्हटलं आणि मोठ्या ऐटीत तिला वाचून दाखवली. ती म्हणाली, "चांदणं नको म्हणू. डाग म्हण. डॉक्टर डागच म्हणतात, आणि हात लावतात." ती कविता मी छापली नाही.

पुढं त्या दवाखान्यातलं बाकडं बदलत गेलं. रंग यावा म्हणून धडपडणारी आपा आणि रंग जावा म्हणून आलेल्या मुली शेजारी बसू लागल्या. गोरेपणाचं क्रीम आपल्याकडं १९७५पासून विकलं जातंय. त्याच्या नावातलं 'फेअर' २०२० साली गेलं, मागणी राहिली. त्याहून वाईट ती स्टेरॉइडची मलमं, दुकानातून आपल्या मनानं आणलेली. नायट्यावर लावली की खाज थांबते आणि नायटा आतून पसरतो. चेहऱ्यावर लावली की कातडी पातळ, लालभडक होते. नवऱ्या मुली लग्नाच्या आठवडाभर आधी तसे चेहरे घेऊन यायच्या. २०१८ साली सरकारनं अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. डॉक्टरांचा पहिला प्रश्न मात्र तोच राहिला, "ट्यूब कुठली लावलीस? घेऊन ये." पाटी बदलून 'स्किन, हेअर, लेझर' झाली तेव्हा मी त्यांची थट्टा केली. ते म्हणाले, "आता महारोगीसुद्धा न लाजता जिना चढतो, तुमचं काय जातंय?"

पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी, ज्यांना स्वतःला कोड आहे, २००१ साली 'श्वेता' ही संस्था काढली. २००६ साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' आला. त्याची नायिका डॉक्टर आणि अंगावर कोड. आपानं तो टीव्हीवर पाहिला. मध्येच म्हणाली, "बघ, ही बाह्या ओढत नाही."

डॉक्टर निवृत्त झाले त्या वर्षीच्या ईदला आपानं हट्ट धरून त्यांना घरी बोलावलं. शिरखुर्मा तिनंच वाढला, बांगड्या मागं सारून, त्याच बोटांनी वाटी पुढं केली. साखर जास्त झालीय, असं म्हणत त्यांनी दुसरी वाटी मागितली.