घरात कोण कोण होते?

(वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरड कोसळली की शोधपथकात जाणाऱ्यांचे आपल्याला कौतुक वाटते. पण ते काम दोराने कडा उतरणाऱ्या तरुणांचे, आपले नव्हे, अशी आपली समजूत असते. गेली काही वर्षे मी अशा एका पथकाबरोबर स्वयंसेविका म्हणून जाते. मी कडा कधी उतरले नाही. तरीही तेथे मला काम पुरून उरते. ते कोणते, एवढेच आज सांगावयाचे आहे.

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस. टी. चालकाला गाव जागेवर दिसेना, तेव्हा ती बातमी बाहेर पोहोचली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इरशाळवाडीवर तसाच घाला पडला. वाडीला मोटाररस्ता नव्हता. अवजड यंत्रे वर जाईनात. जवान आणि गिर्यारोहक स्वयंसेवक भर पावसात पायवाट चढून गेले व त्यांनी हातांनी माती उपसली. चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. २७ मृतदेह मिळाले. ५७ माणसे सापडलीच नाहीत. वाडीतील काही मुले मात्र आश्रमशाळेत राहत होती, म्हणून वाचली.

अशा वेळी पथकाचा पहिला प्रश्न असतो, "या घरात कोण कोण होते? कोठे निजत होते?" सासूबाई माजघरात निजत, सून बाळंतपणाला माहेरी गेली आहे, हे कोणत्याच सरकारी दप्तरात नसते, शेजारणीला ते ठाऊक असते. जो घरी नव्हताच त्याला शोधण्यात वेळ गेला, तर जो खाली आहे त्याचा श्वास सरतो.

म्हणून मी वही घेऊन बसते. नाव, वय, घर लिहून घेते. सापडलेल्याच्या नावापुढे खूण करते. कोणी परगावी असल्याचे कळले, की पथकप्रमुखांना लगेच सांगते. वर किती गेले, किती परतले, तेही मोजते. ढिगाऱ्याखालचा आवाज ऐकण्यासाठी मधूनमधून सारे काम थांबवतात. तेव्हा जमलेल्यांना गप्प ठेवावे लागते. आणि वाट पाहणाऱ्या आईपाशी बसावे लागते. "सापडेल हो" असे म्हणण्याचा मोह फार होतो. पण तसे म्हणायचे नाही. नुसते बसायचे. बायांनो, हे सर्वांत कठीण!

बोलावल्याशिवाय धावत जाऊ नये. अशा गर्दीचा अडथळाच होतो. आधी शिकून घ्यावे. केंद्र सरकारने २०१६ साली 'आपदा मित्र' योजना सुरू केली. तीत स्वयंसेवकांना १२ दिवसांचे शिक्षण दिले गेले, आणि स्त्रियांनीही ते घेतले.

पण एक काम तर आजच करता येईल. हळदीकुंकवाला आपण घरोघर जातोच. आळीतील प्रत्येक घरात कोण राहते, अंथरुणाला कोण खिळले आहे, एकटे कोण आहे, याची वही करावी. ती चव्हाट्यावर वाचावयाची नाही. दर पावसाळ्यापूर्वी ती तपासावी आणि तिची एक प्रत दुसऱ्या आळीत ठेवावी. ईश्वर करो आणि ती कधी उघडावी न लागो. पण लागलीच, तर कोणाचेही नाव तीत राहून गेलेले नसावे.

चहापानानंतर मी दाराशी वही घेऊन बसणार आहे. चौघींनी नावे दिली तरी काम सुरू होईल.