धर्म, पंथ आणि बुवाबाजी
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनी गोड बोलावे, हळदीकुंकू घ्यावे आणि घरी जावे, असा आपला रिवाज आहे. तो मोडण्याची माझी इच्छा नाही. पण यंदा विषय मी निवडलेला नाही, तो आपल्याच दाराशी आला आहे. दर गुरुवारी सत्संगासाठी मंडळाचे सभागृह मिळावे असा एका गुरुमंडळाचा अर्ज आला आहे. त्यावर आपल्यांत दोन तट पडले. एक म्हणतो, "देवाच्या कामाला नाही कसे म्हणावे?" दुसरा म्हणतो, "हे देवाचे काम नव्हे, हा कल्ट आहे." हा इंग्रजी शब्द हल्ली वर्तमानपत्रांतून व मुलांच्या तोंडून फार ऐकू येतो. आपल्याला न पटणाऱ्या कोणाच्याही भक्तीवर तो चिकटवण्याआधी त्याचा अर्थ पाहिलेला बरा.

मूळ लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थ नुसता उपासना असा आहे. त्याला वाईट वास नंतर लागला. आपल्याकडे पंथ म्हणजे वाट, संप्रदाय म्हणजे गुरूकडून शिष्याकडे आलेली परंपरा. या शब्दांत निंदा नाही. निंदेसाठी आपला स्वतंत्र शब्द आहे, बुवाबाजी, आणि तो मला कल्टपेक्षा नेमका वाटतो. कारण दोष कुठे आहे हे तो बरोबर दाखवतो. दोष उपासनेत नसून बुवात आहे, आणि बुवाभोवती चालणाऱ्या बाजीत आहे.

पुष्कळांना वाटते की जुना व मोठा तो धर्म, आणि नवा व लहान तो कल्ट. हे माप खोटे आहे. आपल्याच खानदेशातले उदाहरण घ्या. महानुभाव पंथाची मंडळी आपल्या जिल्ह्यात गावोगाव आहेत; भडगाव तालुक्यातले कनाशी हे त्यांचे तीर्थ. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी हा पंथ चालवला, तेव्हा तो नवा होता, लहान होता, आणि प्रतिष्ठितांच्या डोळ्यांत सलत होता. त्यांनी स्त्रियांना व शूद्रांना शिष्य केले. बायकांचा विटाळ हा शरीराचा एक स्वाभाविक स्राव आहे, त्यात अपवित्र काही नाही, असे त्यांनी सातशे वर्षांपूर्वी सांगितले. (आपल्यातल्या काही घरांत ते अजून पोहोचायचे आहे, असो.) पुढे या पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहिले. बाहेरच्यांना ते वाचता येईनात, आणि बंद दाराआड काय चालते याविषयी लोकांनी वाटेल त्या कंड्या पिकवल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी अभ्यासकांना ती लिपी उलगडली, तेव्हा आत काय निघाले? लीळाचरित्रासारखा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ! त्या ग्रंथातली महदाइसा पहा. ती स्वामींना एकसारखे प्रश्न विचारते. हे असे का, ते तसे का. आणि स्वामी तिला गप्प बसवीत नाहीत, तिच्या जिज्ञासेचे कौतुक करतात. हीच महदाइसा आद्य मराठी कवयित्री म्हणून ओळखली जाते. जेथे बाईला प्रश्न विचारता येतो, तेथे दार बंद दिसले तरी आत उजेड असतो.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. ज्ञानेश्वरादी भावंडांना वाळीत टाकले ते कोणा भोंदू बुवाने नव्हे, प्रतिष्ठित धर्माच्या अधिकाऱ्यांनी. संन्याशाची पोरे म्हणून त्यांच्या मुंजीची पंचाईत झाली. तेव्हा धर्म मोठा असला की निर्दोष असतो, असे समजू नका.

आता त्या भावंडांतल्या धाकटीकडे येऊ, कारण ती आपली आहे. मुक्ताईनगर येथून मोटारीने तासाभराच्या आत. त्याच तालुक्यात तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचे जुने देऊळ आहे, आणि महाशिवरात्रीच्या यात्रेला आपल्यांतल्या निम्म्या जणी तेथे जातात. कथा तुम्हांला पाठ आहे. चांगदेव चौदाशे वर्षे जगलेला योगी, शिष्यांचा मोठा लवाजमा, वाघावर बसून हातात सापाचा चाबूक. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचे तर मायना काय लिहावा हे कळेना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार? शेवटी कोराच कागद पाठवला. मुक्ताबाईने तो पाहून म्हटले, चौदाशे वर्षे जगून हा कोराच राहिला. पासष्ट ओव्यांची चांगदेव पासष्टी हे त्या कागदाचे उत्तर. आणि पुढे त्याच चांगदेवाने त्या कोवळ्या मुलीला गुरू केले.

चौदाशे वर्षे आणि वाघ यांवर विश्वास ठेवा अगर ठेवू नका. मला त्या कथेत वेगळे दिसते. चमत्कार, शिष्यगण, दरारा हे सगळे जवळ असलेल्या माणसाला एका पोरीने कोरा म्हटले, आणि ते शब्द परंपरेने पुसून टाकले नाहीत, सातशे वर्षे कीर्तनांतून सांगितले. आज एखाद्या बुवाच्या दरबारात पंधरा वर्षांच्या मुलीने असे म्हणून पहावे! तिला आधी बाहेर काढतील, मग तिच्या आईला.

वारकरी संप्रदायात माळ घातली म्हणून घर सुटत नाही. आषाढीला मुक्ताईची पालखी पंढरपूरला जाते, बाया महिनाभर चालतात, आणि परत येऊन पेरणी-निंदणीला लागतात. ज्ञानेश्वरी बाजारात मिळते, कोणीही वाचावी. अमुक महाराजांनाच तिचा अर्थ ठाऊक, असे कोणी म्हणाले तर समजावे की वाट संपली आणि बाजी सुरू झाली.

बाजी कशी सुरू होते, ते मी जवळून पाहिले आहे. माझी एक चुलत नणंद धुळ्याला असते. नाव सांगत नाही, त्या गुरूचेही सांगत नाही. नवरा फिरतीवर, दोन लहान मुले, आजूबाजूला ओळख नाही. आपल्याकडेही कोणी कोराडीहून, कोणी परळीहून, कोणी चंद्रपूरहून बदलून आलेली असते, पहिले वर्ष कसे जाते हे आपण जाणतो. तेव्हा सत्संगाच्या बायका तिच्याकडे आल्या. आजारपणात डबा दिला, मुले सांभाळली. हे सगळे खरे होते आणि चांगलेही होते. मग गुरुवार झाला, मग रविवारही. मग सांगण्यात आले की निंदकांच्या घरी जेवू नये, आणि निंदकांत तिची सख्खी बहीण आली. बहिणीच्या मुलीच्या लग्नाला ती गेली नाही. पाटल्या सेवेत गेल्या. एवढेही सोसले असते. पण तिला मधुमेह, आणि इन्शुलिन म्हणजे श्रद्धेची उणीव, असे तिला पटवले गेले. पायाची जखम चिघळली, तेव्हा थोरल्या मुलाने उचलून इस्पितळात नेले. पाय वाचला.

बरे झाल्यावर तिने मला विचारले, "वहिनी, इतकी वर्षे भजनात मी रडले, ते खोटे होते का हो?"

मी म्हटले, "वन्सं, रडणे खरे होते. ते तुमचे होते, त्यांचे नव्हते."

परदेशातही हेच घडले आहे, फक्त मोठ्या प्रमाणावर. अमेरिकेतल्या जिम जोन्सने गरिबांना जेवण घातले, गोऱ्या-काळ्यांना एका पंगतीला बसवले. आणि 18 नोव्हेंबर 1978 रोजी गयानाच्या जंगलात त्याच्या वसाहतीतली नऊशेंहून अधिक माणसे मेली. बहुतेक विषाने, आणि त्यांत तीनशेच्या आसपास मुले होती. पुण्याहून 1981 साली अमेरिकेत गेलेल्या रजनीशांच्या आश्रमातल्या कारभाऱ्यांनी 1984 साली स्थानिक निवडणूक जिंकण्यासाठी गावातल्या खाणावळींच्या कोशिंबिरीत रोगजंतू मिसळले, 751 माणसे आजारी पडली. ध्यान शिकायला गेलेल्या सामान्य शिष्याला याची कल्पनाही नसेल. अशा ठिकाणी आतल्या वर्तुळाचे बाहेरच्या वर्तुळाला कळत नाही.

आपल्या राज्यात 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी वर्षानुवर्षे झटले, आणि त्याच वर्षी 20 ऑगस्टला पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर कायदा आला. पुष्कळांचा समज आहे की तो देवधर्माविरुद्ध आहे. मुळीच नाही. पूजा, कीर्तन, प्रवचन, वारी, प्रदक्षिणा यांना त्यात स्पष्ट मोकळीक आहे. गुन्हा आहे तो साप-विंचू-कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालणे, अंगात दैवी शक्ती असल्याचे सांगून फसवणे वा दहशत बसवणे, अशा गोष्टींचा. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. मला तर वाटते, आजच्या विषयाचे उत्तर पंडितांपेक्षा या कायद्याच्या परिशिष्टानेच अधिक सरळ दिले आहे. तुम्ही काय मानता हे तो विचारत नाही, तुम्ही दुसऱ्याचे काय करता हे विचारतो.

आता अर्जाविषयी. नाही म्हणावे असे माझे मत नाही. एकट्या बाईला चार बायका भेटतात, हे लहान काम नव्हे. पण सभागृह आपले आहे, तेव्हा मी कार्यकारिणीपुढे काही अटी ठेवल्या आहेत. सत्संग चालू असता दार उघडे राहील. कोणीही येऊन बसेल, मध्येच उठून गेली तर कारण विचारले जाणार नाही. जमलेल्या पैशाचा हिशेब महिन्याला फलकावर लागेल, आणि दागिना स्वीकारला जाणार नाही. "घरी सांगू नका" असे कोणाला सांगितले जाणार नाही. आणि औषधाच्या बाबतीत डॉक्टरांचाच शब्द शेवटचा, हे त्यांच्या प्रमुखांनी लिहून द्यावे.

हे पत्र आम्ही त्यांना पाठवले आहे. पहिल्या तीन अटी त्यांनी मान्य केल्या. शेवटच्या दोन महाराजांना विचारून कळवतो, म्हणाले. उत्तर आले की ते फलकावर लावू.